शैलाची मेंढरं

फोन वाजला तेव्हा मी नुकतीच आंघोळ करून केस पुसत होते. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडत होता की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "मॅडम, म्या डाळजचा भिवा बोलतोय, भिवातात्या! आपली अक्का गेली... पहाटंच गेली. तुमाला कळलंच आसंल म्हना." मी म्हणाले, "हो, कळलं." मला काहीही कळलेलं नव्हतं. शैला, म्हणजे त्यांची अक्का, ज्या दवाखान्यात गेली तो बारामतीत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आणि ती गेल्याची बातमी मला मिळत होती डाळजच्या एसटीडी बूथवरून, एवढ्या लांबून. दवाखान्यात तिच्याजवळ कमल होती, डाळजची मासे विकणारी कमल. तिनं आधी गावाला कळवलं आणि गावानं मला. फोन ठेवून मी खुर्चीवर बसले, तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की शेवटची खबरसुद्धा मला त्यांच्याकडूनच मिळावी... रडू त्यानंतर आलं. आधी हेवा वाटला.

शैला कोकरे माझी मैत्रीण होती, सहकारी होती, आणि कागदोपत्री माझ्या हाताखाली काम करत होती. तिच्या दहाव्याला कमलनंच मला सांगितलं, "तुमी पेपरात ल्ह्या की अक्कावर. तुमाला येतंय ल्ह्यायला." मला येतं, हे खरं आहे. गेली कित्येक वर्षं मी विद्यापीठाचे अहवाल लिहिते, शेतकरी मेळाव्यांची भाषणं लिहिते, पुरवण्यांमधून मत्स्यशेतीवर लेख लिहिते. शैलाला दोन पानांचा अहवाल लिहायला आठवडा लागायचा. आमच्या दोघींमध्ये मला जास्त येणारी ती एवढीच गोष्ट. तेव्हा लिहिते आहे. पण कमलला हवं होतं तसं ते होईलच, असं मला वाटत नाही.

आम्ही दोघी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो होतो. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या कडेकडेनं पसरून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांतले काहीजण मासेमारीकडे वळले होते, आणि नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारी भोई कुटुंबंही लांबलांबून तिथं येऊन राहिली होती. मासे मात्र वर्षागणिक बारीक होत चालले होते. या लोकांना मासे टिकवून मासेमारी करायला शिकवायचं, म्हणून विद्यापीठानं बारामतीत दोन खोल्यांचं एक विस्तार केंद्र काढलं. दोन जागा होत्या. विषयतज्ज्ञाची, म्हणजे केंद्रप्रमुखाचीही, मला मिळाली. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात पहिली आलेली, मुख्याध्यापकांची मुलगी. मीनाक्षी हे माझं नाव ऐकून मुलाखत घेणाऱ्यांतले एकजण हसून म्हणाले, "नावातच मासा आहे, आता काय विचारायचं!" विस्तार सहायकाची जागा शैलाला मिळाली. ती कृषी पदवीधर, निरवांगीची. वडिलांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं होतं आणि मग गावात थोडी जमीन करून स्थिर झाले होते. ती माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसली होती. पायात साध्या स्लिपर, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रं. मला म्हणाली, "मी जिवंत मासा अजून हातात धरलेला न्हाय हो. विचारलं तर काय सांगू?" मी मनात म्हटलं, हिची काही निवड होत नाही.

डाळजला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी स्लाइड प्रोजेक्टर घेऊन गेले होते. शाळेच्या एका खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. भिंतीवर माशांची चित्रं, जाळ्यांची चित्रं, जाळ्याचं भोक किती बोटं रुंद असावं म्हणजे लहान पिल्लू सुटून जातं त्याची आकृती. मी पाऊण तास बोलले. समोर तीस-चाळीस पुरुष उकाड्यात वारा घेत बसले होते. शेवटी पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे राहिले. ते भिवातात्या, तिथल्या भोयांमधले मानाचे. म्हणाले, "मॅडम, मासा बगण्यात आमची हयात गेली. तुमी भित्तीवर काय दावताय?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. बाहेर येऊन बघते तर शैला बाभळीखाली बायकांच्या घोळक्यात बसलेली. मांडीवर फाटकं जाळं, हातात सुई, आणि कमल तिच्या बोटांवर चापटी मारून सांगत होती, "अगं गाठ उलटी मारली. पुन्ना सोड." शैला हसत हसत गाठ सोडत होती आणि असले प्रश्न विचारत होती की मला लाज वाटली. मासा झोपतो का? त्याला थंडी वाजते का? जाळं त्याला दिसतं का? परतीच्या एसटीत मी वहीत उपस्थिती लिहीत होते. शैला खिडकीशी बसून एकेक नाव घोळवत होती. कमल, तिचा नवरा दत्तू, कमलची सासू, सासूची गुडघेदुखी... भिगवण येईपर्यंत तिला निम्मं गाव पाठ होतं.

वर्षभरात ती पोहायला शिकली. तिशीला आलेली बाई, पाठीवर रिकामा डालड्याचा डबा बांधून, साडीचा काचा मारून फुगवट्याच्या पाण्यात उतरली. कमलनं एका हातानं तिची हनुवटी धरलेली, काठावर बायका हसून हसून लोळत होत्या. "अक्का, हातपाय हाल्व! मेंढरागत काय भेदरतीस?" मी काठावर चपला हातात घेऊन उभी होते. मला उत्तम पोहता येतं. शाळेत असताना मी बक्षिसं मिळवली होती. पण मला कुणी पाण्यात बोलावलं नाही, आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती सगळ्या गावाची अक्का झाली. मी मॅडमच राहिले. पुढं तिनं बारामतीतली खोली सोडली आणि डाळजलाच एक खोली भाड्यानं घेतली. बारशाला तिला बोलावणं, लग्नात तिला आहेर, आजारपणात तिला हाक. एका घरात मुलगी झाली तर तिचं नावच शैला ठेवलं. आमच्या घरीसुद्धा तेच. बारामतीत कामाला आली की ती आमच्याकडे जेवायची. आई तिला वाढताना तव्यावरची भाकरी वाढायची आणि मला टोपल्यातली. एकदा मी बोलले तसं. आई म्हणाली, "ती लांबून येते गं." खरं होतं. पण पुढच्या वेळीही मी बघितलं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही.

दोन वर्षं झाली तरी आमच्या कामातून हाताला काही लागत नव्हतं. लोक जाळी बारीक करत चालले होते. मोठा मासा मिळेना म्हणून बारीक भोकाचं जाळं, आणि बारीक जाळ्यात पिल्लं जातात म्हणून पुढच्या वर्षी मोठा मासा आणखी कमी. आमच्या विभागप्रमुखांनी सरळ विचारलं, की हे केंद्र चालू ठेवायचं तरी कशासाठी? मग देवळासमोरच्या पटांगणात आम्ही सभा घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर मासे अंडी घालायला ओढ्यांच्या वाहत्या पाण्याकडे येतात, त्या काळात मासेमारी थांबवा, हे मी पुन्हा समजावून सांगितलं. प्रजननक्षम मासे, प्रजननकाळ, प्रजोत्पादन... भिवातात्या शांतपणे ऐकून म्हणाले, "दोन म्हैने जाळं वाळत घालायचं, तर पोटाला काय बांदायचं मॅडम?" लोक उठायला लागले. तेवढ्यात बायकांमधून शैला उभी राहिली.

"तात्या, माझा बा मेंढरं राखायचा," ती म्हणाली. ऑफिसातली मराठी तिनं कधीच बाजूला ठेवली होती. "गाभण मेंढी त्येनं कदी खाटकाला दिली न्हाय. दुष्काळ पडला, आमी हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढलं, खाटीक येऊन मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला बसून ऱ्हायला, तरी न्हाय दिली. ती काय एक मेंढी नसती, तात्या. तिच्या पोटात कळप असतोय. आता तुमी आखाडात वड्याच्या तोंडाला जाळं लावता. तवा जो मासा गावतो त्येच्या पोटात काय असतं?"

कमल मागून म्हणाली, "गाभोळी असती."

"मग गाभोळी म्हंजी तरी काय? गाभणच की."

मला अजून तो क्षण जसाच्या तसा दिसतो. भिवातात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गाभोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, हा शब्द मला माहीत नव्हता असं थोडंच होतं! भिगवणच्या मासळीबाजारात शंभरदा ऐकलेला. तो उचलून लोकांपुढे ठेवावा, हे दोन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शैला पुढं म्हणाली, सगळं पाणी बंद करू नका, फक्त वड्याचं तोंड सोडा. बाकी पाण्यात पोटापुरती जाळी टाका. नागपंचमी झाली की वड्याकडं जा. तात्यांनी विचारलं, "आन न्हाय काय फरक पडला तर?" ती म्हणाली, "तर मला ह्या पाण्यात पाय ठिवू दिऊ नका." लोकांनी माना डोलावल्या. मी इतिवृत्त लिहीत होते. वरती लिहिलं, 'केंद्राच्या मार्गदर्शनाखाली ग्रामस्थांनी निर्णय घेतला.' मार्गदर्शन कोणाचं, ते लिहिलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात ते मोडलं, आणि मोडलं ते कमलच्या नवऱ्यानं. दत्तूनं भल्या सकाळी ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावलेलं दुसऱ्या होडीवाल्यांनी पाहिलं. मी लगेच म्हटलं, मत्स्य विभागाकडे लेखी तक्रार करू, एकाला धाक बसला की बाकीचे सरळ होतील. शैला म्हणाली, "मीना, तू कागद केलास की हे पाणी सरकारचं झालं. आज ते त्यांचं हाय." मी म्हटलं, "मैत्रीण आहे म्हणून कमलला वाचवतेस." ती कमलच्या घरी जाऊन ओट्यावर बसली. आत गेली नाही, चहा घेतला नाही, कुणाला बोल लावला नाही. नुसती बसून राहिली. दुपारी कमलनं ते जाळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, देवळासमोर नेलं आणि सगळ्यांदेखत पारावर पसरून ठेवलं. दत्तू मान खाली घालून तिच्यामागं चालत गेला. नागपंचमीपर्यंत ते जाळं तिथंच होतं, त्याला कुणी हात लावला नाही. त्यानंतर ओढ्याच्या तोंडाला कुणी गेलं नाही. ही सगळी हकिगत शैलानं मला सहज सांगितली. मी ऐकत होते, आणि मनात तिची एखादी चूक शोधत होते.

पहिल्या वर्षी फरक कळला नाही. दुसऱ्या वर्षी नागपंचमीनंतर जाळ्यात असे मोठे रोहू आणि कटले आले की म्हातारी माणसं काठावर बघायला उतरली. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनीही आपापले ओढे सोडायचं ठरवलं. बातमी विद्यापीठात गेली, तिथून कोकणात गेली. रत्नागिरीकडे विद्यापीठाचं असंच काम समुद्रकाठच्या मच्छीमारांमध्ये चाललं होतं. तिथं मोठ्या यांत्रिकी बोटी तळापासून सगळं खरवडून नेत होत्या आणि छोट्या होडीवाल्यांच्या हाताला काही लागत नव्हतं. मच्छीमारांचा मेळावा भरणार होता. तिथून केंद्राला पत्र आलं, की डाळजच्या लोकांना ज्यांनी तयार केलं त्या श्रीमती शैला कोकरे यांना बोलायला पाठवावं. पत्र केंद्रप्रमुख म्हणून माझ्या हातात आलं. मी ते दोनदा वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. मग उत्तर लिहिलं, की श्रीमती कोकरे क्षेत्रीय कामात व्यग्र असल्यामुळे मी स्वतः येत आहे. शैलाला सांगितलं, रत्नागिरीला एक कार्यक्रम आहे, जाऊन येते. ती म्हणाली, "समुद्र बगून ये. आल्यावर मला सांग कसा असतो ते." तिनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पुढंही नाही पाहिला.

मेळाव्यात मी आधी माझं भाषण केलं. समोर तसेच चेहरे, डाळजच्या शाळेतल्यासारखे, ऐकतायत पण ऐकत नाहीत. मला तो उकाडा आठवला, भिवातात्यांचं ते बोलणं आठवलं. आणि मी म्हणाले, "गाभण मेंढी कुणी खाटकाला देतं का?" पुढचं सगळं आपोआप आलं. दुष्काळ, माडगं, वाड्याच्या तोंडाला बसलेला खाटीक, पोटातला कळप. तिचेच शब्द, तिच्याच थांबण्याच्या जागा. खाली उतरले तेव्हा एक म्हातारी मासेवाली, कमरेत वाकलेली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाय, तुझ्या घरात होती काय गो मेंढरं?" नाही म्हणायला किती वेळ लागतो? तिचा हात खरखरीत आणि गरम होता. माझा हात तिनं तोवर सोडला नव्हता. मी म्हणाले, "हो. माझ्या वडिलांची."

पुढच्या हिवाळ्यात त्या बायका डाळज बघायला आल्या. मी ते टाळायचा प्रयत्न केला होता, पण विद्यापीठानंच सहल ठरवली. देवळासमोर चटया टाकल्या, कमलच्या घरून चहा आला. कोकणच्या बायका आणि डाळजच्या बायका एकमेकींची जाळी हातात घेऊन बघत होत्या. आणि तीच म्हातारी सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाली, "ह्या तुमच्या मॅडमनी आमचे डोळे उघडले. आपल्या बापाशीच्या मेंढरांची गोष्ट सांगितली त्यांनी... आमच्याकडे अजून सांगतात." कमलनं हातातला कप खाली ठेवला. माझे वडील मुख्याध्यापक होते, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला खाली बघायचंसुद्धा सुचेना. मग शैलाचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "व्हय, लई मेंढरं होती त्यांच्याकडं. चला आजी, तुमाला वड्याचं तोंड दावते." आणि ती म्हाताऱ्या बाईचा हात धरून काठाकडे निघून गेली.

संध्याकाळी बस गेल्यावर ती माझ्याजवळ आली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मीना, गोष्ट सांगितलीस त्याचं काय न्हाय. त्या लोकांचं काम झालं. पर मेंढरं मी तुला दिली नव्हती. ती माझ्या बाची हायत." मी काहीतरी पुटपुटले. भाषणाच्या ओघात, समजून घे, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि पदर खोचून खोलीकडे गेली. लोकांसमोर तिनं मला वाचवलं होतं, याचाही मला रागच आला. त्यातही तीच मोठी ठरली, असं वाटत राहिलं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही कामापुरतं बोलत होतो. ती माझ्या घरी जेवायला यायची थांबली. आई विचारायची, "शैला का येत नाही?" मी म्हणायचे, "कामात असते." आणि या उन्हाळ्याच्या शेवटी ती आजारी पडली. आधी साधा ताप म्हणून तिनं अंगावर काढला. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कमलनं बळेच बारामतीला आणलं. काविळीनं लिव्हर धरलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा कमल तिला चमच्यानं उसाचा रस पाजत होती. मला बघून कमल उठली आणि चमचा माझ्या हातात न देता तसाच वाटीत ठेवून बाहेर गेली. शैला खूप वाळली होती. तिनं विचारलं, "वड्याला पाणी आलं का?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कमलला विचारते." ती म्हणाली, "तिनं सांगितलंय. आलंय." मग उगीच का विचारलं, ते मला कळलं नाही... किंवा कळलं.

मी तिला त्या पत्राचं सांगितलं. ते तुझ्या नावानं आलं होतं, मी खणात ठेवलं, तुला पाठवायला हवं होतं. हे बोलायचं ठरवूनच गेले होते. दोन दिवस वाक्यं जुळवत होते. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. तिनं छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला समुद्र बगायला मिळाला असता." थोड्या वेळानं म्हणाली, "हे आत्ता कशाला सांगितलंस? तुझं हलकं झालं आसंल. माझं न्हाय." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी उठले, तर तशीच पाठमोरी म्हणाली, "बस जरा." मी बसले. कमल परत आल्यावर मी निघाले. चार दिवसांनी भिवातात्यांचा फोन आला. तिनं मला माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. लोक विचारत नाहीत, पण विचारलं तर हेच सांगावं लागेल.

निरवांगीला अंत्यविधीच्या वेळी तिच्या वडिलांना मी पहिल्यांदा पाहिलं. उंच, काटक म्हातारा, खांद्यावर घोंगडी, डोळे कोरडे. कमल त्यांच्या पायाशी बसून हुंदके देत होती. त्यांचा एक हात तिच्या डोक्यावर होता. त्यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. कमलनं डोळे पुसत माझी ओळख करून दिली, "ह्या मॅडम. अक्काच्या हापिसात हायत." ते म्हणाले, "बसा." अंगणाच्या कडेला आठ-दहा मेंढ्या बांधलेल्या होत्या, एवढ्याच उरलेल्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

नागपंचमी झाली आणि परवा ओढ्याचं तोंड उघडलं. कमलनं निरोप पाठवला होता, "अक्का दरसाल पयल्या होडीत असायची, तुमी या." ती गेल्याला पाच आठवडे झाले होते. काठावर सगळं गाव जमलं होतं, पण गलका नव्हता. भिवातात्यांनी पाण्यात हळद-कुंकू सोडलं, नारळ फोडला. दत्तूनं होडी पाण्यात लोटली. मी साडी सावरून चढले आणि मधल्या आडव्या फळीवर बसले. कमल वल्हं हातात घेऊन उभी राहिली. होडी सोडेना.

"मॅडम, तितं नगा बसू."

मला वाटलं फळी सैल झाली असेल, किंवा ओली असेल. मी हातानं चाचपून पाहिली. चांगली घट्ट होती, कोरडी होती.

"तितं अक्का बसती," कमल म्हणाली.

दत्तूनं हात दिला. मी उठले आणि होडीच्या टोकाला, जाळ्याच्या ढिगाशेजारी जागा करून बसले. कमलनं वल्हं मारलं. ओढ्याच्या तोंडापर्यंत ती रिकामी फळी माझ्या आणि कमलच्या मध्ये होती. जाळ्यात पहिला मोठा रोहू उसळला तेव्हा कमलनं आधी त्या फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग माझ्याकडे बघून ती हसली. मीही हसले. आणि मला शैलाचा हेवा वाटला.